करमरकरांचं तीर्थ

मोटारीतलं पाणी जिभेवर घेऊन त्याची चव बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका आमच्याच खालच्या मजल्यावर राहत होता. सकाळचा चहा झाला की करमरकर आपल्या मोटारीच्या नाकाशी उकिडवे बसत, रेडिएटरच्या बुडाची पितळी तोटी जराशी सोडत, करंगळीवर एक थेंब घेत, तो जिभेला लावून डोळे मिटत आणि निकाल देत. "गंज आहे. क्षारही आलाय थोडा. काढायला हवं आता." मग चूळ भरून पेपर वाचायला बसत. स्वयंपाकाची चव बघताना मीसुद्धा इतकी गंभीर होत नाही.

आम्ही कलकत्त्याला आलो ते आमच्या ह्यांची बदली झाली म्हणून. भवानीपुरातल्या एका दुमजली घरात वर आम्ही आणि खाली करमरकर. पहिल्याच दिवशी मी सामान सोडत होते आणि खालून चक्क मराठी ऐकू आलं. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की जीव हरखतो, पण जे ऐकलं त्यानं माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "ही सकाळपासून तापलीय. दर उन्हाळ्यात हिचं हेच. पोटात सगळं साचून बसलंय. आता सोडा पाजतो आणि उलटी करवतो, त्याशिवाय सुधारायची नाही."

खाली कोणी बाई आजारी आहे आणि तिचा नवरा तिचे हाल करतोय, अशी माझी खात्रीच पटली. मी घाईघाईनं आलं, गवती चहा घालून काढा केला आणि खाली गेले. हातापायांना काळं वंगण लागलेला, धोतराचा काचा मारलेला एक उंच गृहस्थ दारात उभा होता. त्यानं काढा हुंगला.

"कोणासाठी?"

"वहिनींसाठी."

करमरकर दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "ती जाऊन बरीच वर्षं झाली. ही ती नाही, ही ही आहे," आणि त्यांनी गॅरेजकडे बोट केलं. काढा मात्र त्यांनी उभ्या उभ्या पिऊन टाकला आणि गवती चहा कमी पडलाय असं वर सांगितलं.

तेव्हापासून मी सांभाळून ऐकायला शिकले. मी नवऱ्याला 'हे' म्हणायची आणि ते मोटारीला 'ही' म्हणायचे. त्यामुळे आमचं जिन्यातलं बोलणं तिऱ्हाइताला कळणं अवघड होतं. "ह्यांचं डोकं दुखतंय." "हिचंही आज काही खरं नाही."

ही म्हणजे एक हिरवी, उघडी, लढाईच्या आधीची विलायती शर्यतीची गाडी. पुढे दोनच जागा आणि मागे पाठ उघडली की आणखी दोन माणसं बसतील अशी डिकी. खिदिरपूरच्या गोदीतला एक साहेब स्वातंत्र्याच्या सुमाराला मायदेशी परतला, तो जाताना ती करमरकरांना देऊन गेला. करमरकर त्याच गोदीत बॉयलर तपासायचे. जन्म कलकत्त्याचा, शिक्षण कलकत्त्याचं, नोकरी जन्मभर वाफेच्या आणि पाण्याच्या सोबतीत. मूलबाळ नव्हतं. गल्लीतले बंगाली शेजारी त्यांना कर्मकारबाबू म्हणायचे. बंगाल्यांत कर्मकार म्हणजे लोहार, आणि हातात सदा हातोडी-पाने बघितल्यामुळे कोणाला त्यात काही खटकलंही नाही. आमच्या ह्यांनी एकदा सुचवलं की लोकांचा गैरसमज दूर करायला हवा. करमरकर म्हणाले, "कशाला? चित्पावन म्हणून मला इथं कोण विचारतो? लोहार म्हणून निदान कुलपं तरी दुरुस्तीला आणतात." आणि खरंच, गल्लीतल्या फुटक्या बादल्या, गळक्या किटल्या त्यांच्याकडे यायच्या. ते सगळ्यांना कथलाचा डाक लावून द्यायचे. त्यांचा डाक असा सफाईदार असे, की बोट फिरवलं तरी सांधा लागायचा नाही.

पाणी हा त्यांचा धर्म होता. भेटल्यावर ते "कसं काय" विचारत नसत, "पाणी काय म्हणतंय?" असं विचारत. बंगाली माणसाला जरा खोकला झाला की तो हवापालट करायला मधुपूर-गिरिडीला निघतो. करमरकरांना त्याचं भारी हसू यायचं. "हवा कसली बदलता? पाणी बदला." कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाला बढती मिळाली नाही, कोणाचा जावई रुसला, तरी करमरकरांचं म्हणणं एकच, आत कुठेतरी क्षार धरलाय. तो वेळेवर काढला असता तर ही पाळी आली नसती.

बोलतील तसं करूनही दाखवायचे. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मोटारीला ते जुलाब द्यायचे. आपल्याकडे पोरांना रविवारी एरंडेल देतात ना, तसंच. आदल्या दिवशी जुनं पाणी सोडायचं, धुण्याचा सोडा कढत पाण्यात विरघळवून आत भरायचा, इंजिन चालू करून ते पाणी आत खूप वेळ फिरवायचं. मग तोटी सोडली की तपकिरी, दाट, आमसुलाच्या सारासारखं काहीतरी धो धो बाहेर यायचं. करमरकर ते बघून प्रसन्न व्हायचे. "बघा वहिनी, बघा. हे सगळं घेऊन बिचारी वर्षभर पळत होती." मग इंजिन पुरतं गार होईपर्यंत तिथंच बसून राहायचे. तापल्या बिडावर थंड पाणी घातलं तर त्याला तडा जातो, आणि एकदा तडा गेला की सगळं संपलं. त्यानंतर उलटी. नळाची रबरी नळी खालच्या तोंडाला लावून पाणी उलटं वर चढवायचं, म्हणजे बारीक नळ्यांत अडकलेला गाळ मागच्या पावली बाहेर पडतो. वरून येणारं पाणी आरशासारखं दिसेपर्यंत हे चालायचं. शेवटी करंगळी, जीभ, मिटलेले डोळे. "हं. आता चव नाही." कशालाच चव नाही हे इतक्या समाधानानं सांगणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

आणि मग तीर्थ. नळाच्या पाण्यात क्षार असतो म्हणून ते मोटारीला पाजायचं नाही. पावसाळ्यात गच्चीवर धुतलेलं धोतर बांधून, पहिल्या सरी वाहू देऊन, नंतरचं पाणी करमरकर एका मोठ्या चिनी मातीच्या बरणीत साठवायचे. ती बरणी गॅरेजच्या कोपऱ्यात पाटावर असायची, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली. कोणी जवळ गेलं की करमरकर ओरडायचे, "हात लावू नका, तीर्थ आहे ते." आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

माझ्या नणंदेचं, शालूचं, लग्न कलकत्त्यातच ठरलं. मुलगा बालीगंजच्या एका जुन्या मराठी घरातला, प्राध्यापक. वाईहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे माई म्हणत. माईंच्या सामानात एक गोणपाटाचं पोतं होतं आणि त्यात दोन डझन तांब्याचे रिकामे गडू. जन्मात काशी घडली नाही, निदान कलकत्त्याची गंगा तरी न्यावी, म्हणून आळीतल्या बायकांनी आपापला गडू माईंच्या हवाली केला होता. हावडा स्टेशनावर ते पोतं उचलताना आमच्या ह्यांनी जे तोंड केलं ते अजून आठवतं.

दुसऱ्याच दिवशी मी माईंना बाबूघाटावर नेलं. त्या पायरीवर उभ्या राहून पाण्याकडे बघू लागल्या. कृष्णेच्या काठी जन्म गेलेली बाई. पाण्यात पाय घातला तर नखं दिसली पाहिजेत, एवढीच तिची अपेक्षा. समोर तर मातकट, पोटात गाळ घेऊन चाललेली अफाट नदी. हात जोडून त्यांनी स्नान केलं, पण गडू भरले नाहीत. "हे घेऊन गेले तर आळीतल्या बायका म्हणतील, लिमयेवहिनींनी वाटेत कुठल्या ओढ्यावर भरलं," असं म्हणून पोतं परत आणलं.

मग एके सकाळी त्यांना गॅरेजमधली बरणी दिसली. पाट, पांढरं फडकं, ते उचलून बघितलं तर आत काचेसारखं नितळ पाणी. करमरकर मोटारीखाली उताणे होते.

"अहो करमरकर, हे काय आहे?"

"तीर्थ," मोटारीखालून आवाज आला.

"कुठलं हो?"

"वरून आलेलं, माई. थेट वरून."

"म्हणजे हरिद्वाराकडचं?"

करमरकरांच्या तोंडात त्या वेळी पाना होता. ते नुसतं "हं" म्हणाले. माईंना तेवढं पुरलं. नंतर करमरकर बाजारात गेले असताना त्यांनी सगळे गडू बरणीतून भरले, नाक्यावरच्या टिनवाल्याकडून त्यांची तोंडं कथलानं झाळून बंद करून घेतली आणि पोतं गॅरेजमध्येच, तीर्थाशेजारी, ठेवून दिलं. तीर्थाची बरणी रिकामी ठेवणं त्यांच्या मनाला पटेना. तेव्हा आमचा घरगडी भिकू याच्याकडून बाबूघाटाची गंगा आणवून त्यांनी ती काठोकाठ भरली आणि फडकं होतं तसं बांधून टाकलं. यातलं आम्हाला कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

इकडे शालूनं वेगळंच काढलं. तिला वरात करमरकरकाकांच्या मोटारीतून हवी होती. ती आल्या दिवसापासून त्यांच्या गाडीच्या प्रेमात होती. नवरा-नवरीला डिकीत बसवायचं म्हटल्यावर माईंनी कपाळाला हात लावला, पण शालू हटून बसली आणि करमरकरांना विचारायला स्वतः गेली. करमरकरांनी हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, पुन्हा पुसले. "माझ्या घरातून कधी वरात निघाली नाही, पोरी," ते म्हणाले. "ही नेईल तुला. शब्द दिला."

शब्द देताना ते एक गोष्ट विसरले नव्हते, आम्हालाच ती माहीत नव्हती. त्या गाडीला पंखा नाही. ती पळते तेव्हा वारा लागून गार राहते. वरात चालते बँडवाल्यांच्या पावलानं, आणि तीही वैशाखात. भवानीपुरापासून बालीगंजापर्यंत मुंगीच्या पावलानं जायचं तर ती उकळणार, वाफ सोडणार आणि भर रस्त्यात नवरानवरीसकट बसून राहणार. म्हणूनच करमरकरांनी त्या वर्षीचा जुलाब असा काही मन लावून दिला, की दोन दिवस गॅरेजमधून बाहेर आले नाहीत. सोडा दोनदा, उलटी तीनदा. शेवटी बरणी उचलून पंच्यातून गाळत त्यांनी तीर्थ आत ओतलं. पंचा जरा तांबूस झाला. कलकत्त्याच्या धुळीला दोन शिव्या देऊन त्यांनी तो झटकला. जुनं पाणी ते रोज चाखायचे, नव्या तीर्थाला मात्र पहिले काही दिवस कधीच नाही. तीर्थावर कोणी शंका घेतं का?

लग्न तोंडावर आलं तेव्हा आमच्या ह्यांना शेजारी बसवून ते बराकपूरच्या रस्त्यानं चाचणीला गेले. सकाळी गेलेले दुपारी परतले. पुढे एक बैलगाडी, तिला दोरानं बांधलेली हिरवी मोटार, चाक धरून बसलेले करमरकर आणि मागून ढकलणारे आमचे हे. दोघंही तांबडेलाल. रेडिएटरच्या झाकणावर एक काचेची डबी होती, तिच्यात पाण्याची ऊब दाखवणारी तांबडी रेघ असे. ती वरच्या टोकाला जाऊन टेकली होती.

गाडी गार झाल्यावर करमरकरांनी तोटी सोडली. पाणी आलं ते मातकट. करंगळी जिभेला लावून त्यांनी डोळे मिटले, आणि ते बराच वेळ उघडलेच नाहीत. "वहिनी, इकडे या. चाखा."

"मी?"

"चाखा हो. माझ्यावर माझा विश्वास राहिलेला नाही."

मी चाखलं. मातीची, ओल्या पायऱ्यांची, कुजक्या झेंडूची चव होती. घाटावर बुडी मारताना नाकातोंडात जाते ती. "गंगा," मी म्हटलं.

"बाबूघाटाची," करमरकर म्हणाले.

मी वर जाऊन माईंना विचारलं. त्यांनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं आणि मग स्वतःच खाली आल्या. "अहो, तुमचं तीर्थ मी न विचारता घेतलं खरं, पण बरणी काही रिकामी ठेवली नाही हं. आळीतल्या म्हाताऱ्या तुम्हाला दुवा देतील. एक तर अंथरुणाला खिळलीय, तिचा जीव त्या गडवात अडकलाय."

मला वाटलं आता हा माणूस फुटणार. करमरकरांनी हात जोडले. "चांगलं केलंत, माई. तीर्थ वाटण्यासाठीच असतं." माई वर गेल्यावर त्यांनी मला बजावलं, "त्यांना एक अक्षर बोलायचं नाही. पावसाचं पाणी आहे म्हणून कळलं तर त्या म्हाताऱ्यांना काय तोंड दाखवतील?"

आमच्या ह्यांनी टॅक्सी ठरवायचं सुचवलं. खूप समजुतीच्या आवाजात सुचवलं, त्यामुळे ते जास्तच लागलं. "अहो लिमये," करमरकर म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची जहाजं मी तपासून सोडली. एक पोरगी म्हणते, काका, मला तुम्ही पोचवा. तिला मी टॅक्सीत बसवू?" आणि ते पुन्हा सोडा कालवायला लागले. सगळा गाळ काढायचा होता आणि पुन्हा भरायला तीर्थ उरलं नव्हतं. आता नळाच्याच पाण्यावर भागवणार, असं मी धरून चालले.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे भाड्यानं घेतलेल्या हॉलवर होतो. घाणा भरणं, देवक, हळद, पन्नास भानगडी. दुपारची पंगत बसली तरी करमरकरांचा पत्ता नव्हता. आमचे शेजारी गांगुलीमोशाय जेवायला आले तेच हसत. "कर्मकारबाबूके आज गंगाय देखलाम, कोमोर जले दाँड़िये!" कमरभर पाण्यात उभे, शेजारी नाव, नावेत घागरी. ज्या माणसानं गंगेला जन्मभर चिखल म्हटलं त्याला म्हातारपणी पुण्य आठवलं, म्हणून पंगतीत खूप हशा झाला. करमरकर आले ते दिवेलागणीला. उजव्या हाताची बोटं भाजलेली, तेल लावून चिंधी बांधलेली. "काय झालं?" मी विचारलं. "हिनं चटका दिला," ते म्हणाले आणि मठ्ठ्याचे दोन पेले प्यायले. मोटारीचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वरात निघाली. हवा जागची हलत नव्हती. पुढे बँड, दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या, मध्ये ती हिरवी मोटार, झेंडूच्या माळा घातलेली. डिकीत नवरानवरी उंचावर बसलेली, उत्सवमूर्तीसारखी. पुढे काळी टोपी, काळा कोट, ताठ मान आणि चिंधी बांधलेला हात घेऊन करमरकर, आणि त्यांच्या शेजारी पाठराखीण म्हणून मी. निघताना मी हळूच विचारलं, "पाणी कुठलं भरलंत?"

"वरून आलेलं."

थट्टा करताहेत असं समजून मी तांबड्या रेघेकडे बघत बसले. हाजरा रोडच्या नाक्यावर बँडवाल्यांना उत्साह आला आणि त्यांनी एक लांबलचक चाल धरली. मोटार जागच्या जागी गुरगुरत उभी. रेघ चढायला लागली. मागून चालणारे आमचे हे पुढे येऊन ती बघून गेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. करमरकर मात्र रेघेकडे बघत नव्हते. कान इंजिनाकडे लावून ते आत वाहणारं पाणी ऐकत होते. रेघ निम्म्याच्या वर गेली, आणखी जरा चढली आणि तिथंच थांबली.

"बस," करमरकर म्हणाले. "याच्या पुढे ही जायची नाही."

आणि नाहीच गेली. बालीगंजपर्यंत ती रेघ कोणी खिळ्यानं ठोकल्यासारखी जागची हलली नाही. खिडक्यांतून, गॅलऱ्यांतून बंगाली बायका शंख फुंकत होत्या, जीभ हलवून उलूध्वनी करत होत्या. कोणीतरी ओरडलं, "कर्मकारबाबूर गाड़ी!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गर्दीत शेजारी बसलेल्या त्या लोहाराकडे बघून माझा ऊर असा भरून आला, की वाटलं, हा आपला माणूस आहे हे सगळ्या कलकत्त्याला ओरडून सांगावं. दारात मोटार थांबली तेव्हा शालू आधी सासूच्या नाही, करमरकरांच्या पाया पडली. करमरकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग कितीतरी वेळ ते मोटारीचं झाकणच पुसत राहिले.

माई निघाल्या तेव्हा पोतं गाडीत चढवायला करमरकर स्वतः हावड्याला आले. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "एक सांगून ठेवतो, माई. प्रवासात हिंदकळून पाणी गढूळ दिसेल. घाबरू नका. गढूळ आहे म्हणजे खरी गंगा आहे." मला हे बोलणं विचित्र वाटलं. पावसाचं पाणी कसलं गढूळ होतंय? म्हाताऱ्या बाईशी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असतील, असं वाटून मी सोडून दिलं.

पुढच्या दिवाळीत आम्ही वाईला गेलो. माईंनी गंगापूजन मुद्दाम आमच्यासाठी मागे ठेवलं होतं. आळीतल्या बायका जमल्या. माईंनी हळदकुंकू वाहिलं आणि गडू माझ्या हातात दिला, तोंड उघडायला. मी त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. सांधा लागला नाही. नाक्यावरच्या टिनवाल्याचं काम असं नव्हतं, त्यानं झाळलेले गडू मी पाहिले होते, चिखलाचे गोळे थापल्यासारखे. गडू उघडला. पाणी मातकट होतं, तळाशी रेतीची बारीक साय. माई कौतुकानं म्हणाल्या, "खरी गंगा आहे हो. आमच्या कलकत्त्याच्या करमरकरांनी सांगितलंय." प्रत्येकीच्या हातावर त्यांनी एकेक पळी घातली. बायकांनी डोळे मिटून ती घेतली. मीही डोळे मिटले, पण मी चाखत होते. माती, ओल्या पायऱ्या, कुजका झेंडू. बाबूघाट.

अंथरुणाला खिळलेल्या त्या म्हातारीचा गडू श्रावणातच उघडला होता, असं माईंनी मला नंतर सांगितलं. समाधानानं गेली म्हणाल्या.

दोन डझन गडू. एकेकाचा डाक सोडवायचा, आपलं तीर्थ काढून घ्यायचं, गंगा भरायची आणि पुन्हा झाळायचं, तेही आम्ही सगळे हॉलवर हळद लावत होतो तेवढ्या वेळात. चटका हिनं दिला नव्हता.

कलकत्त्याला परत आल्यावर मी पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेले. करमरकर मोटारीच्या नाकाशी उकिडवे बसले होते.

"चाखलं मी," मी म्हटलं. "गंगा होती."

त्यांनी तोटी घट्ट केली. मग तिथंच जमिनीवर टेकले.

"तुमचं पाणी तुम्ही परत घेतलंत ते समजलं," मी म्हटलं. "पण गडवांत नळाचं भरलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. त्यासाठी घाटावर कमरभर पाण्यात जायची काय गरज होती? गंगेला चिखल म्हणणारे ना तुम्ही?"

करमरकर हातावरचं वंगण पुसत राहिले. मग बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

"हिनं शेवटी गंगा मागितली होती, वहिनी. मी बॉयलरवाला. म्हटलं, त्या पाण्यात काय काय असतं ते मला विचार. उकळून, गाळून, गार करून मी तिला चमच्यानं पाणी पाजलं. स्वच्छ होतं. त्याच्याइतकं स्वच्छ पाणी त्या दिवशी कलकत्त्यात दुसरं नसेल. पण तिनं मागितलं होतं ते नव्हतं."

मोटार शेजारीच उभी होती, पण त्यांचा हात तिच्यावर नव्हता. इतक्या वर्षांत करमरकरांच्या तोंडून मोटार नसलेली 'ही' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मी वर गेले, आलं किसलं, गवती चहा सढळ हातानं घातला आणि पेला घेऊन पुन्हा खाली आले.

करमरकरांनी तो हुंगला.

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.